तानुबाईच्या खोलीतला कीपॅड

दार लोटून घ्या पोरींनो, अन् मोबाइल उपडे ठेवा. ही गोष्ट उडत आलेली नाही. धम्मशीला ओळखीची, खोली ओळखीची, आणि मेल्यावरही जिनं ती खोली सोडली नाही ती तानुबाईसुद्धा ओळखीचीच.

मार्गशीर्षातली अमावास्या होती, शुक्रवार. धम्मशीला दुपारी परभणीला गेली ती एक वस्तू आणायला. सोबत धाकटा भाऊ, सिद्धोधन. धम्मशीला जन्मापासून आंधळी. पूर्ण्याच्या एका पतसंस्थेत तिला कारकुनाची नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. तिचा लॅपटॉप लहान, त्याला उजव्या अंगाची आकड्यांची बटणंच नव्हती. ती वेगळी मिळतात, वायरीची. कीपॅड म्हणतात.

दुकानदारानं कीपॅड सिद्धोधनच्या हातात दिला. "ताईला आकडेमोड जमते का?"

"ताई इथंच उभी हाय," धम्मशीला म्हणाली. "अन् आकडे मोडायचे न्हाईत. ओळी वाचायच्यात."

तिनं तिथंच जोडून बघितला. लॅपटॉपात स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावर लिहिलेलं बोलून दाखवणारा प्रोग्राम. त्याला ही बटणं म्हणजे लगाम. सात दाबलं की मागची ओळ, आठ म्हणजे हातातली, नऊ म्हणजे पुढची. पाच दाबलं की एकटा शब्द. आवाज तिनं इतका पळता ठेवलेला, की दुसऱ्याला माशी घोंगावल्यासारखा वाटावा.

"ह्यातलं कळतं का काही?" दुकानदार हसला.

"तुमाला कळावं म्हणून न्हाई बोलत ते."

परतीच्या गाडीत सिद्धोधननं खोलीचा विषय काढला. "ताई, दुसरीकडं बघू. तिथनं दोन भाडेकरू रातच्याला पळालेत."

पूर्ण्यात गल्लीतली ती खोली किशनरावांची, धम्मशीलेनं भाड्यानं ठरवलेली. तानुबाई त्यांची थोरली भावजय, तिथंच एकटी वारली. किशनराव सरळ माणूस, कुणापासून काही लपवलं नाही. रात्री लाइट आपोआप जाते, म्हणाले. मग अंथरुणाच्या पायथ्याशी तानुबाई उभी राहते. केस मोकळे. काही करत नाही. तुम्ही उठून जाईपर्यंत बघत राहते. तिथं कुणी टिकलेलं तिला चालत नव्हतं. का, ते तिलाच ठाऊक.

"लाइट गेल्यानं माझं काय जातंय?" धम्मशीला म्हणाली.

"एक रात. सकाळी येतो मी. भिऊन बाहेर बसलेली दिसलीस तर सरळ घरी, चारठाण्याला चलायचं. दोन भाकरी खा, माझी पोरं सांभाळ. नोकरी गेली खड्ड्यात."

त्याची माया होती, नव्हती असं नाही. पण त्या मायेला एक कोपरा होता, कणगीच्या शेजारचा. तीस वर्षं धम्मशीला त्या कोपऱ्यात बसली होती. आल्यागेल्यानं डोक्यावरून हात फिरवायचा, बिचारी म्हणायचं, आणि चहा तिच्या वाट्याचा सोडून सगळ्यांना द्यायचा. त्या कोपऱ्यापेक्षा भूत बरं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं.

रात्री तिनं आतून कडी घातली, खिडकी लावली, गोधडी पायांवर ओढली. लॅपटॉप पुढ्यात, कीपॅड उजव्या हाताखाली. पतसंस्थेच्या नियमांची फाइल सोमवारपर्यंत कानाखालून जायला हवी होती. नऊ. नऊ. नऊ. ओळी पुढं सरकत होत्या. अकराची गाडी शिट्टी देऊन गेली.

दाराजवळ खट् झालं.

लाइटचं बटण. तो आवाज ती ओळखत होती, संध्याकाळीच किशनरावांनी दाबून दाखवलं होतं.

"घालवली का?" ती म्हणाली. "बरं केलंस. बिल वाचंल."

नऊ. नऊ.

पायथ्याशी थंडी आली. वाऱ्याची नव्हे. कुणीतरी उभं राहिलं की हवा जशी अडते, तशी. म्हणजे तानुबाई आली, केस सोडून उभी राहिली, डोळे वटारून बघत राहिली. आणि ही बया वाचतेच आहे. बिचारीनं तासभर तरी वाट बघितली असेल. असली भाडेकरीण तिला कधी भेटलीच नव्हती.

धम्मशीलेनं पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. कीपॅड मोकळा झाला.

टक्.

"गैरहजर राहिल्यास नेमणूक रद्द समजावी."

मागची ओळ. ती तर कधीच होऊन गेली होती. धम्मशीलेनं नऊ दाबलं. पुढची ओळ सुरू झाली, तोच टक्. पुन्हा मागची.

"गैरहजर राहिल्यास नेमणूक रद्द समजावी."

तिनं हात मांडीवर घेतला. बसून राहिली.

टक्.

"रद्द."

आता एकटाच शब्द. आणि आवाज… पळता नव्हता. सावकाश. तिनं तो कधीच सावकाश लावलेला नव्हता.

"रद्द."

"रद्द…"

तिनं वायर धरली आणि ओढून काढली. कीपॅड गोधडीवर टाकला.

शांतता.

कुठं कुत्रं नाही. गाडी नाही.

टक्.

"रद्द."

आता मात्र तिच्या अंगावर काटा आला. कडी तीन पावलांवर होती. उठलं, कडी काढली, ओट्यावर जाऊन बसलं, की संपलं. सकाळी सिद्धोधन येईल. पिशवी उचलेल. चारठाणा. कणगी. कोपरा.

ती उठली नाही.

चाचपून वायर शोधली. परत खोचली. कीपॅड पुढ्यात ओढला.

"म्हातारे," ती म्हणाली, "मला दिसत न्हाईस तू. किती बी उभी ऱ्हा. तुझी खोली हाय, कबूल. बस हितं. ऐकायचं तर ऐक. पण मला मागं न्यायला तू कोण गं? घरच्यांनी लय नेलं मागं. आता न्हाई जायची. मारून टाक, मग ह्याच खोलीत दोघी राहू, अन् तवा बी मीच मोठ्यानं वाचीन."



तिनं बोट नऊवर ठेवलं.

बटणावर आधीच एक बोट होतं.

गार. सुरकुतलेलं. तिचं बोट खालून वर रेटणारं…

तिनं हात काढला नाही. दाबला. ते बोटही हटेना.

"दाब," ती म्हणाली. "दाब की."

कितीतरी वेळ.

मग बटण खाली गेलं.

पुढची ओळ.

धम्मशीलेनं हात उचलून गोधडीत घेतला. लॅपटॉप थांबला नाही. पुढची ओळ. पुढची. पुढची. सावकाश, म्हाताऱ्या माणसाला कळेल इतक्या सावकाश. ऐकता ऐकता तिचा कधी डोळा लागला, तिलाही सांगता येत नाही.

सकाळी दार वाजलं. तिनं स्वतः कडी काढली. सिद्धोधन होता, मागं किशनराव.

"पोरी," किशनराव म्हणाले, "तुझी लाइट रात्री अकरालाच गेली. मी समोरून बघत होतो. रातभर अंधार."

"असंल. मला काय ठाऊक."

"ताई, पिशवी भर," सिद्धोधन म्हणाला.

"कशाला? सोमवारी कामाला जायचंय. बस, चहा ठेवते."

तो बसायला वाकला. कीपॅड बाजूला सारायला हात घातला, आणि हात तसाच राहिला.

"ताई… हे काय गं लागलंय?"

बाकी बटणं स्वच्छ. नऊवर तेवढा एक पांढरा ठसा. अंगठ्याचा, लहानसा. धम्मशीलेनं चाचपलं, बोट नाकाशी नेलं.

"चुना," ती म्हणाली. "माझ्या घरात चुना न्हाई."

किशनरावांनी उंबऱ्यात टाकलेला पाय मागं घेतला. "वहिनीच्या अंगठ्याला… तंबाखूचा चुना… कायम…" एवढंच बोलले.

सिद्धोधननं पिशवी खाली ठेवली.

चुना अजून ओला होता.