रामेनभाई

तेव्हा बडोद्यात मोबाइल आले होते, पण मिरवण्यापुरते. लोकांचे निरोप अजून एसटीडी बूथवरूनच जायचे, आणि पाकिटं कुरियरनं. सयाजीगंजातल्या अशाच एका कुरियरच्या कचेरीत नीरजा काउंटरवर बसायची. नागरवाड्यातली, नुकतीच बी.कॉम. झालेली; बोलायला चुरचुरीत, आणि चष्मा सारखा नाकावरून घसरणारा.

त्या हिवाळ्यात जपानहून आलेलं एक पार्सल फिरून फिरून कचेरीतच परत येत होतं. पत्त्यावर नाव होतं ‘रामेन’. अशा नावाचा माणूस त्या गल्लीत राहत नाही, असं पार्सलं पोचवणारे पोऱ्ये सांगायचे. शेवटी एका संध्याकाळी घरी जाता जाता नीरजानं ते स्वतःच उचललं. रामेन म्हणजे कुणी बंगाली बाबू असणार, असा तिचा कयास होता.

गल्लीच्या टोकाला एक चिमुकलं दुकान सापडलं. चार-पाच स्टुलं, पुढे लांब फळी, आणि फळीपलीकडे वाफेत उभा असलेला एक उंच तरुण. गिऱ्हाईक एकही नाही.

"रामेनभाई छे?" नीरजानं विचारलं.

"छे ने," तो म्हणाला. "पण हमणां बहार नहीं आवे."

"केम?"

"तपेलीमां छे."

तो इतक्या गंभीरपणे बोलला, की थट्टा कळायला तिला थोडा वेळ लागला. रामेन हे माणसाचं नव्हे, पदार्थाचं नाव होतं. गरम रश्श्यात बुडवलेल्या जपानी शेवया, वर भाज्या. पाटीवर कोपऱ्यात ‘शुद्ध शाकाहारी’ असंही लिहिलेलं होतं. त्यानं सही केली, पार्सल उघडलं. आत वाळवलेलं काळपट समुद्रशेवाळ होतं. मग त्यानं न विचारताच एक वाडगा तिच्यापुढे ठेवला.

वाफेनं तिचा चष्मा पांढरा झाला. तिनं तो काढला आणि आंधळेपणानं पहिला घास घेतला.

"आई गं…"

"फुंकून खायचं असतं," समोरून आवाज आला. स्वच्छ मराठीत.

नीरजानं मान वर केली. चष्म्याविना तो नुसताच एक धूसर, हसरा आकार दिसत होता. "तुम्ही मराठी? मग इतका वेळ गुजराती का?"

"सुरुवात तुम्ही केलीत. म्हटलं, बाईंचा विरस नको."

त्याचं नाव मुकुंद. वडील रिफायनरीत नोकरीला, म्हणून कुटुंब साताऱ्याकडून इकडे आलेलं. मुकुंद गोरव्याच्या एका कारखान्यात होता. नव्या जपानी यंत्रांचं काम शिकायला कारखान्यानं त्याला वर्षभर नागोयाला धाडलं. तिथे रोज संध्याकाळी तो एका म्हाताऱ्या बाईंच्या खानावळीत बसायचा. परत आला तो यंत्रांपेक्षा रश्श्याच्याच प्रेमात पडून. नोकरी सोडली, दुकान थाटलं. वडील त्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होते.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

"खरं सांगू? जरा पाणचट आहे."

"अजून चार वेळा खा… मग सांगा."

चार वेळा कधीच होऊन गेल्या. शनिवारी कचेरी लवकर सुटायची, आणि नीरजाची पावलं आपसूक त्या गल्लीत वळायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही आठवलं नसतं. पुढे कितीतरी वर्षांनी ती म्हणायची, की त्या दिवसांना एक वास होता. उकळत्या आल्याचा, तिळाच्या तेलाचा, आणि बाहेर थंडीत जळणाऱ्या पाचोळ्याचा. मुकुंद शेवया वर उचलून झटकायचा, तेव्हा ती त्याच्या मनगटाकडे बघत राहायची. त्यानं पाहिलं, की खायच्या जपानी काड्यांत अडकलेला गाजराचा तुकडा एकदम फार महत्त्वाचा व्हायचा.

"आज एका काकांनी वरून शेव मागितली," एकदा तो म्हणाला.

"मग?"

"घातली."

"बाटला की रे तुझा रामेन."

"काकांनी दुसरा वाडगा मागवला."

"बघ. काकांना कळतं, तुला नाही."

"तुला कळतं ना? मग तू ये फळीच्या या बाजूला."

बोलून गेला, आणि एकदम कढईत काहीतरी शोधायला लागला. घरी जाताना नीरजानं न्यायमंदिरापाशी उगाचच एक जास्तीचा वळसा घेतला.

पण बडोदेकरांना शेवउसळ सोडून या पातळ प्रकाराची गोडी काही लागेना. स्टुलं रिकामीच राहायची. मुकुंद हसून बोलायचा, पण डोळ्यांखाली काळं दिसू लागलं होतं.

त्यातच पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा कॉम्प्युटरवाला, अमेरिकेला निघालेला. त्या वर्षांत अशी स्थळं सोन्याच्या ताटात आल्यासारखी यायची. नीरजाची आई नव्हती. वडील, भास्करराव, युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले. त्यांनी फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू ठरव."

शनिवारी नीरजा दुकानात आली. वाडगा समोर आला.

"मला एक स्थळ आलंय," ती म्हणाली. "पुण्याचं. मुलगा अमेरिकेला चाललाय… मी —"

"चांगलं आहे की," मुकुंद चटकन म्हणाला. तिच्याकडे न बघता. "असं स्थळ सोडू नये."

नीरजानं काड्या खाली ठेवल्या. पर्स उचलली आणि चालू लागली. वाडग्यातून वाफ येतच होती.

नंतर ती त्या गल्लीत फिरकलीच नाही. पतंगांचे दिवस आले आणि गेले. कचेरीच्या खिडकीतून, तारांवर अडकलेले फाटके पतंग तिला दिसत राहायचे. तिला राग होता, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याला ती हात लावत नव्हती. मग एक दिवस कचेरीतल्या कुणीतरी सहज सांगितलं, ते जपानी दुकान बंद होतंय.

ती तशीच उठून गेली. मुकुंद एकटाच पाटी उतरवत होता. तिला पाहून तो शिडीवरच थांबला.

"कधी आहे लग्न?" त्यानं विचारलं.

"कुणाचं?"

"तुझं."

"खाली उतर. वर मान करून भांडता येत नाही मला."

तो उतरला. नीरजा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "त्या दिवशी मी स्थळाला नाही म्हणून आले होते, मुकुंद. बाबांना सांगून आले होते. तेच तुला सांगत होते, तर तू मला मध्येच अमेरिकेला पाठवून दिलंस."

मुकुंद पाटी हातात धरून उभा राहिला. रस्त्यावरून एक रिक्षा फटफटत गेली.

"रिकामं दुकान घेऊन बसलेला माणूस," तो हळूच म्हणाला, "कुठल्या तोंडानं म्हणणार, जाऊ नको म्हणून?"

"याच तोंडानं. आत्ता म्हण."

"जाऊ नको, नीरजा." मग थोडं थांबून, "मला तुझ्याशिवाय… शनिवार सोड, सोमवारही जात नाही."

तिनं पाटीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ती आत नेऊन भिंतीला टेकवली. कितीतरी वेळ कुणी टोक सोडलं नाही.

रविवारी सकाळी मुकुंद नागरवाड्यात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. भास्कररावांनी त्याला सोफ्यावर बसवलं, आपण समोरच्या खुर्चीवर बसले. आत नीरजा पोह्यांवर खोबरं पेरत होती, आणि कान बाहेर होते.

"काय करता आपण?"

"दुकान होतं. परवा बंद पडलं."

भास्करराव खुर्चीत जरा पुढे सरकले. "या घरात आलेल्या मुलांनी आजवर पगार सांगितला. बंद पडलेलं दुकान सांगणारे तुम्ही पहिलेच."

"पगारही सांगतो. पुढच्या महिन्यापासून गोरव्यात पुन्हा रुजू होतोय. पण मी कोण, असं विचारलंत तर… ते दुकान म्हणजेच मी होतो. ते आधी सांगावंसं वाटलं."

"आणि पुन्हा काढलंत तर? पुन्हा बुडलं तर?"

तेवढ्यात नीरजा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. स्थळं बघायला यायची, तेव्हा ती नेहमी वडिलांशेजारच्या खुर्चीवर, मान खाली घालून बसायची. ती खुर्ची तिथेच होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि सोफ्यावर जाऊन मुकुंदशेजारी बसली.

भास्कररावांनी ते पाहिलं. रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग एक बशी उचलून त्यांनी मुकुंदच्या हातात दिली.

"घ्या," ते म्हणाले. "निवतायत."