यंत्रं गेल्यावरची खोली

कॉलेजच्या विश्वस्तांनी सरळ सांगितलं, तोटा भरून काढा, नाहीतर नर्सिंग विभाग बंद. हल्ली मुलंच कमी जन्मतात, त्याला हिशेब विभागाची मी बाई काय करणार? पण त्याच विभागात माझी लेक यी-रु दुसऱ्या वर्षाला होती. रडतखडत इथवर आलेली पोर. दुसरीकडे तिला कुणी उभं केलं नसतं.

म्हणून क्लाउडचा प्रस्ताव मीच मांडला. तळमजल्यावर आमचे सर्व्हर अहोरात्र घरघरायचे. त्यांना थंड ठेवायला एसी, वर दर थोड्या वर्षांनी नवी यंत्रं. त्यापेक्षा सगळं दूरच्या, भाड्याच्या यंत्रांवर टाकायचं. वापरू तेवढंच बिल. सुट्टीत कॉलेज ओस, तर बिलही रोडावलेलं.

"म्हणजे मुलांचे मार्क ढगात?" यंत्रं सांभाळणारे पेंगदादा म्हणाले. "मुसळधार पाऊस आला की नापासही पास होतील बघा, ताई."

चेष्टा केली खरी, पण सर्व्हर ट्रकवर चढले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

भिंतीतल्या फळीवर हिरवं पाकीट तेवढं उरलं. नारळाच्या स्वादाचे कुरकुरे. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्या पिंगतुंगमध्येच काय, अख्ख्या तैवानात असं पाकीट यंत्रांजवळ ठेवतात. फोडायचं नाही, तारीख उलटू द्यायची नाही.

"हे न्या की," मी म्हटलं.

"राहू द्या हो. काय खायला मागतंय का?"

रिकाम्या खोलीत पलंग लावून नर्सिंगच्या सरावाची सोय केली. बाहेरच्या जागेचं भाडंही वाचलं. विश्वस्त खूश झाले आणि विभाग राहिला. एकच अट घातली. वर्षभरात एकही मुलगी गळता कामा नये.

एसी काढून नेला होता, तरी खोली गारच राहिली. बाहेर सप्टेंबरचं ऊन अंग भाजून काढतंय आणि आत मुली स्वेटर घालून बसलेल्या. तळमजला आहे, फुकटचा गारवा मिळतोय तर घ्या, असं मी म्हणाले.

मग मुली शांत झाल्या. आधी फोन बंद झाले, मग खिदळणं. कुणी उशिरा येईना, कुणी आजारी पडेना. ज्या पोरी इंजेक्शन बघून चक्कर येऊन पडायच्या, त्यांचे हात कापेनासे झाले.

"इतका शहाणा वर्ग मी जन्मात पाहिला नाही," त्यांच्या सू बाई मला म्हणाल्या. ते त्या आनंदाने म्हणाल्या नाहीत.

घरी यी-रु ताटातलं चिवडायची नाही, भांडायची नाही. "जेव गं," म्हटलं की जेवायची. "पुरे," म्हणेपर्यंत जेवायची. एकदा मी तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्या खोलीसारखंच गार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या खोलीत गेले. मुली एकमेकींना बँडेज बांधत होत्या. सगळ्या एकाच वेळी श्वास घेत होत्या. खोलीत बारीक घरघर होती. पंखा बंद होता.

पेंगदादांचा मला रागच आला. काय हा खुळेपणा मागे ठेवून गेले! फेकूनच द्यावं म्हणून मी फळीवरचं पाकीट उचललं.

घरघर थांबली.

सू बाईंचा खडू फळ्यावर चालू होता. त्यांच्या पाठीमागे बावीस मुली जागच्या जागी थांबल्या. बँडेज अर्धवट. यी-रुचं तोंड शब्द बोलता बोलता उघडं राहिलेलं. डोळ्याची पापणी हलेना.

"यी-रु?"

तिचे ओठ माझ्यादेखत निळे पडत गेले.

मी पाकीट होतं तसं परत ठेवलं. घाईत ते दोनदा पडलं.

"...आणि गाठ बाजूला," यी-रुने वाक्य पुरं केलं.

मी कुणाला सांगू? आणि सांगितलं, एखाद्याने ते पाकीट उचललं, तर? तारीख उलटायच्या आत नवं पाकीट आता मीच नेऊन ठेवते, मगच जुनं उचलते. एकही मुलगी गळली नाही. विश्वस्तांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं.

परवा पाकीट बदलून निघाले, तर यी-रुने माझं मनगट धरलं. सराव म्हणून नाडी मोजत राहिली.

"आई, फार धावते गं तुझी. दमत असशील."

"चालायचंच, बाळा."

"बस ना इथे थोडा वेळ."

किती महिन्यांनी ती आपणहून काही मागत होती. माझा जीव तुटला.

बाकीच्या मुलींनी मान वर न करता, सगळ्यांनी एकदम, सरकून मला जागा करून दिली.