सायरन जाड झाला तेव्हा

ऐकलात आत्ता? खालच्या रस्त्यावरून सायरन गेला. येताना बारीक, जाताना जाड. असं का होतं, ते मी एका बाईला समजावून सांगितलं होतं. बसा नीट, सांगतो.

गेल्या वर्षीची नोव्हेंबरची चौदा तारीख. रात्री पावणेबारा वाजता आमचा ड्रायव्हर माझ्या गॅरेजमधून रुग्णवाहिका घेऊन निघाला. काम साधं. ब्रेक दुरुस्त झाले होते. गाडी दवाखान्यात लावायची, किल्ली टांगायची, घरी जायचं. सायरन बिघडला होता, तो मी काढून ठेवून घेतला होता.

ड्रायव्हर, दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी, वीस वर्षांचे दोस्त. कंपाउंडर त्या तारखेच्या बरोबर एक वर्ष आधी वारला. रात्री छातीत कळ आली, त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, फोन केला, ड्रायव्हर म्हणाला, "निघालोच." पोचला दीड तासाने. "अलीकडच्या पुलावर गाडी बंद पडली," म्हणाला, आणि ढसाढसा रडला. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. वहिनींची समजूतही मीच घातली.

तर त्या चौदा तारखेला, संध्याकाळी, मी वहिनींकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही यंत्रातले, म्हणून विचारते. त्या रात्री सायरन जवळ आला. हे उठून बसले. म्हणाले, आला बघ माझा भाऊ. आणि एकदम आवाज जाड झाला. का?"

मी आपला शहाणपणा करत सुरू झालो. "त्याचं काय आहे वहिनी, गाडी येत असते तेव्हा आपल्याच आवाजाच्या मागे धावत असते. पुढच्या लाटा दाटीवाटीने येतात, कानावर भराभर आदळतात, म्हणून आवाज बारीक लागतो. गाडी पुढे निघाली की प्रत्येक लाट आणखी लांबून सुटते, उशिरा पोचते. आवाज जाड होतो. सायरन तोच. आत बसलेल्याला फरक कळतसुद्धा नाही."

बोलता बोलता माझीच जीभ अडखळली.

"म्हणजे तो पुलावर नव्हता," वहिनी म्हणाल्या. "आमच्या समोरून पुढे गेला."

मी उठून गॅरेजकडे निघालो.

रात्री ड्रायव्हरच्या हातात किल्ली ठेवली, पण एक शब्द बोललो नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन.

"सायरन काढलास ना रे तू?"

"माझ्यासमोर टेबलावर आहे."

"मग मागून..."

मलाही फोनमधून ऐकू आला. बारीक.

"दुसरी गाडी असेल. बाजूला घे, जाऊ दे पुढे."

"घेतली. वळणावर उभा आहे. रस्ता रिकामा आहे रे... दिवा नाही, काही नाही."

"आवाज?"

"बारीकच."

पाच मिनिटं. दहा. बारीकच. येतोय. येतोय. पोचत नाही...

"कुठलं वळण?"

फोनमधून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"कंपाउंडरच्या घराचं?"

...

"मी पुढे गेलो होतो रे," तो म्हणाला. "दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या मुलीला ताप होता. साहेब म्हणाले, आधी इकडे ये. वाटलं, येताना घेऊ याला. खिडकीत दिवा होता. मी पाहिला."

वीस वर्षं, पोरांनो. आणि वर्षभर मी याच्या खोट्याची वकिली करत फिरलो.

"मला नको सांगू," मी म्हटलं. "त्याला सांग."

सायरन बारीकच. मग अगदी हळू, "चुकलो रे..."

आणि आवाज जाड झाला. लांब गेला.

मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता. गाडीकडे बघेना. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. वहिनींच्या दारात जाऊन त्याने सगळं सांगितलं म्हणतात. त्यांनी दार लावून घेतलं.

पण त्या रात्री गाडीचा मागचा दरवाजा मी उघडला. स्ट्रेचर रिकामं. चादरीला सुरकुती नाही. ऑक्सिजनचा मास्क तेवढा उशीवर.

मास्कला आतून श्वासाची वाफ धरलेली.

मी बघत होतो... वाफ विरली.

पुन्हा धरली.