किटलीचं शेवटचं वाक्य

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत दोघंच होते. दिवा मिचमिचला, गेला, आणि वरच्या जाळीतून एक बाई अतिशय शांतपणे म्हणाली, "कृपया घाबरू नका. मदत येत आहे."

"ही बाई कधीच घाबरत नाही का हो?" अंधारातून आवाज आला. आवाजाचा मालक स्वतः चांगलाच टरकलेला होता. "मेली तरी म्हणेल, कृपया माझ्या अंत्यदर्शनासाठी डावीकडून या."

"घाबरते," त्याच्या शेजारी उभी असलेली ती म्हणाली. "पण घाबरायचं काम कुणी देत नाही."

"म्हणजे?"

"कृपया घाबरू नका," ती त्याच सुरात म्हणाली. "मदत येत आहे."

त्याने तो आवाज ओळखला. मग तो हसायला लागला आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला. तिला खरं तर राग यायला हवा होता. आजवर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून लोक दारापासून दूर झाले होते, रांगेत थांबले होते, मराठीसाठी एक दाबत आले होते. हसलं कुणी नव्हतं.

"माझ्याकडे एक सेनापती आहे," तो दम खात म्हणाला. "बाई आहे. डोक्याच्या जागी किटली आहे. तिला आवाज द्याल?"

लग्नाची मागणीसुद्धा माणसं जरा आडवळणाने घालतात. ती हो म्हणून गेली. अंधारात माणूस काहीही कबूल करतो.

तो जपानी कार्टूनांचं मराठी करायचा. हे नवं कार्टून म्हणजे साऱ्या शूरवीर कार्टूनांची टवाळी होती. सेनापती किटली, तिचा इमानी शिपाई झाडू, आणि शत्रू एक उकडलेलं अंडं. ते प्रत्येक हल्ल्याआधी आपलं दुःखी बालपण सविस्तर सांगायचं. ऐन युद्धात तलवारी उपसून सगळे थबकायचे, कारण कुठेतरी नळ उघडा राहिलाय असा सेनापतीला संशय यायचा.

"यात हसायचं कुठे?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"तुम्ही? कुठेच नाही. तुम्ही हसलात की सगळं मेलं. आपण किटली आहोत हे त्या बिचारीला ठाऊकच नाही. तिला राज्य वाचवायचंय."

"आणि बघणाऱ्याने?"

"तो हसतो ना. हसतो, बेसावध होतो… आणि मग तिला जखम होते, झाकण थरथरतं, आणि गड्याच्या लक्षात येतं की आपण एका किटलीची काळजी करतोय. कधीपासून, ते त्यालाही सांगता येत नाही." एवढं बोलून तो उगाचच चष्मा पुसत बसला.

कामाचा नियम एकच होता. पडद्यावर झाकण उघडलं की शब्द हवा, झाकण मिटलं की शब्द संपला पाहिजे. ती काचेच्या या बाजूला, माइकसमोर. तो पलीकडे, रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांच्या शेजारी. तिच्याशी बोलायचं तर त्याला एक बटण दाबावं लागे. दाबलं नाही की त्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. हल्ली ते बटण न दाबता बरेच हलायचे… आणि ती काचेतून नको तितकं निरखून बघायची.

मग चॅनेलच्या मोठ्या बाई नमुना बघायला येणार तो दिवस उजाडला. बाईंना पटलं तर काम पुढे, नाही तर किटली कायमची गार. आणि तो? ते तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

बाई अजून यायच्या होत्या. त्याने बटण दाबून विचारलं, "पाणी हवं का?" तिने मान हलवली. पण बोट बटणावरून उचलायचं तो विसरला. पहिल्या दिवसापासून काका ज्या चुकीसाठी त्याला झापत आले होते, तीच चूक.

"सांगून टाक की तिला," हेडफोनमधून तिच्या कानात काकांचा आवाज आला.

"काय सांगू, काका? ताईने आज संध्याकाळच्या बसचं तिकीट काढून ठेवलंय. मेहुण्याच्या कारखान्यात फरशा विकायच्या. फरशीवाल्याने असलं बोलू नये, हशा होतो."

"मग होऊ दे हशा. तुझा धंदाच तो आहे."

"हिच्यासमोर नको. बाकी कुणीही हसलेलं चालेल."

दार उघडलं. मोठ्या बाई आल्या, बसल्या. त्याने दचकून बोट उचललं, आणि तिचे कान एकदम रिकामे झाले. चेहरा मात्र लिफ्टमधल्या आवाजासारखाच, कोरा.

सेनापतीच्या मरणाचा प्रसंग सुरू झाला. किटलीला चीर गेलेली, झाडू गुडघे टेकून बसलेला. नळ, राज्य, बंद न केलेली खिडकी, सगळं ती क्रमाने बोलली. बाईंच्या चेहऱ्याची इस्त्री मोडेना. काका कपाळ पुसू लागले. आणि लिहिलेलं वाक्य संपलं… पण पडद्यावरचं झाकण हलतच राहिलं.

डोक्यात फरशा घेऊन लिहिल्याचा हा परिणाम. वाक्य आखूड पडलं होतं. काचेपलीकडे तो पांढरा पडला. आता थांबवलं तर बाई उठणार. झाकण उघडत होतं, मिटत होतं, शब्द मागत होतं.

ती पडद्यावरच्या झाडूकडे बघत म्हणाली, "ऐक. तू नसलास तरी मी शांतच राहीन. मला तेवढंच येतं. पण — जाऊ नकोस."

झाकण मिटलं. वाफेची एक बारीक रेघ वर गेली.

बाईंनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि रागावल्यासारखं विचारलं, "हे मूळ जपानीत आहे?"

"भावार्थ," काका म्हणाले.

"किटलीसाठी रडायला लावता माणसाला," बाई उठत म्हणाल्या. "उद्या कळवते." आणि गेल्या.

उद्या. बस आज होती. टेबलावर त्याचा फोन थरथरू लागला. ताईच असणार. त्याने बटण दाबलं.

"ते शेवटचं वाक्य… मी लिहिलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग ते किटलीचं होतं, की —"

'किटलीचं' म्हटलं की सुटका होती. तो हसला असता, तीही हसली असती, संध्याकाळी बस वेळेवर सुटली असती. थट्टेची ही मोठी सोय असते. खरं बोलावं आणि झाकणाआड बसावं. तिने ओठ उघडले, मिटले.

"पडद्याकडे बघा," ती म्हणाली. "झाकण मिटलंय ना?"

"हो."

"कुणाचंच तोंड हलत नाहीये?"

"नाही."

"जाऊ नकोस."

पण या वेळी आवाज मधेच चिरकला, खाली घसरला, शेवटच्या अक्षराला कसाबसा जाऊन टेकला. हा आवाज लिफ्टमध्ये लावला असता तर अख्खी इमारत जिन्याने गेली असती.

काका घसा खाकरून म्हणाले, "परत घेऊ या का?"

"नको," तो म्हणाला. "हाच राहू दे." त्याने थरथरणारा फोन उलटा ठेवला. "मीही राहतोय."

बोट बटणावरच होतं. या वेळी ते त्याला ठाऊक होतं.