कागदी दारामागचा हात

“सुरीच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर माझं नाव लिही, नाहीतर पाती इथंच राहतील,” असं म्हणून त्सुनेयोनं चहाचा पेला योशिओपुढे इतक्या जोरात सरकवला की अर्धा चहा चटईवर सांडला.

योशिओ जपानातल्या साकाई शहरातला सुऱ्यांचा व्यापारी. मासे कापायच्या, धार लावून ठेवलेल्या लांब सुऱ्या उचलायच्या आणि निघायचं, एवढ्याच कामाला तो आला होता. बाहेर हिवाळ्यातला पाऊस पिरपिरत होता आणि दुपारीच दिवा लावावा लागला होता. आतल्या खोलीत, सरकत्या कागदी दारामागे, कुणीतरी पातं पाजवत होतं. शर्र... शर्र... ओल्या दगडाचा थंड, मातकट वास फटीतून झिरपत होता.

“काकू, इसाबुरोकाकांच्या हातची धार म्हणून लोक घेतात. तुमचं नाव कोण ओळखतं?”

“तुझ्या काकांच्या हाताला कंप सुटला तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यानंतरचं एक तरी पातं त्यांनी पाजवलं असेल तर ही मान काप. आत मी राबायचं आणि ओटीवर बसून शाबासक्या त्यांनी घ्यायच्या. आता मेल्यावरही त्यांनाच?”

“बाईच्या हातची म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, काकू.”

“मुरडू दे. सुरी माझी आहे, नाक सांभाळ म्हणावं.”

योशिओला हसू आलं, पण ते त्यानं गिळलं. “आत नवा माणूस ठेवलात वाटतं?”

“चहा पी.”

आता त्यालाही राग आला. “धार मला शिकवू नका. लहानपणापासून या घरात येतोय मी. काकांचा हात दर फेऱ्याच्या शेवटी दगडावर ठक् करायचा. त्यांची खूण होती ती. ती सर तुमच्या हाताला कुठली?”

“खूण म्हणे. वेंधळेपणा होता तो. ठक् झालं की पात्याच्या टाचेशी, मुठीजवळ, धार मोडते. ती मोड काढत कोण बसायचं, विचारलंस कधी?”

आत दगडावर पाणी शिंपडल्याचा आवाज झाला.

शर्र... शर्र... ठक्.

योशिओचा पेला ओठाशीच थांबला. गेल्या शरदात इसाबुरोकाकांना अग्नी दिल्यावर राखेतली हाडं काड्यांनी उचलणाऱ्यांत तोही होता. डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर सापडलं नाही, तेव्हा कुणीतरी पुटपुटलं होतं, ते दगडानं केव्हाच खाल्लं.

ठक्.

दार वीतभर सरकलं. आत दिवा नव्हता. ओल्या फडक्यावर ठेवलेलं एक पातं चटईवरून हळूच बाहेर आलं. त्याच्या पाठीवर करड्या चिखलात बोटं उमटली होती. तीन पुरती. एक आखूड.

त्सुनेयोनं पातं उचलून दिव्यापाशी धरलं. टाचेवरून अंगठा आडवा फिरवला आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

“अजून मोडतेच आहे,” ती दाराकडे बघून म्हणाली आणि पातं फटीतून परत आत सरकवलं. ते मध्येच थांबलं नाही. पलीकडून ते कुणीतरी धरलं आणि ओढून घेतलं.

“काकू...” योशिओनं पेला कसाबसा खाली ठेवला. “तुमचं नाव लिहितो. सगळ्या चिठ्ठ्यांवर... दुकानाच्या पाटीवरही लिहितो. पण आधी त्यांना... त्यांना थांबवा.”

त्सुनेयोनं सांडलेला चहा फडक्यानं पुसला. शाई आणि कुंचला त्याच्यापुढे ठेवला. मग दार आपल्या हातानं नीट लावून घेतलं.

“जन्मभर त्यांना मला विचारायची लाज वाटली, आता आपणहून शिकायला आलेत, ती ठक् जाईपर्यंत मी त्यांना उठू देणार नाही.”