पोटाखालचं स्टिकर

या व्यवहारात ललितला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ.

मे महिन्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी चालवायला नवीकोरी माउंटन बाइक. डिंडोलीतल्या समस्त पोरांचा जळफळाट, तोही फुकटात. किरणशेठच्या सायकलच्या दुकानात भिंतीवर फोटो. आणि शेवटी मोबाइलसमोर उभं राहून सायकलचा अहवाल सांगायचा. तो किरणशेठ आपल्या चॅनेलवर टाकणार, म्हणजे आठवीचं पुस्तक उघडायच्या आधीच ललितचं नाव सुरतभर!

खर्चाच्या बाजूला एकच बाब होती. सायकल कशी आहे, ते खरं सांगायचं. ललितला वाटलं, याहून स्वस्त काही नसेल.

किरणशेठला यात काय मिळणार होतं, ते मात्र कुणी मांडलंच नाही. घोळ झाला तो तिथेच.

"सुरतेत माउंटन बाइक!" हर्षदा म्हणाली. ती ललितची मामेबहीण. शेजारच्याच गल्लीत राहायची आणि टोमणे मारायला रोज इकडे यायची. "आपल्याकडे डोंगर म्हणजे फ्लायओव्हर. तिथेही पोलिसमामा चढू देत नाही."

"डोंगर आहे की," धम्मरत्न म्हणाला. ललितचा हा वर्गमित्र कमी बोलायचा, पण कामाचं बोलायचा. त्याने बोट दाखवलं ते कॅनॉलच्या काठाकडे. खोदकामाची माती टाकून टाकून तिथे दुमजली घराएवढा ढिगारा झाला होता. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं कळसूबाई.

सायकल मात्र खरोखरच डोंगराची होती. चाकं एकोणतीस इंची, हर्षदाच्या कंबरेला टेकतील एवढी. पुढचा शॉक दाबला की चांगला वीतभर खाली बसायचा आणि पाळण्यासारखा परत वर यायचा. मागेही तसाच दुसरा. हँडलवरची एक कळ दाबली की सीट आपोआप खाली जायची. आणि फ्रेम कार्बनची, काळी कुळकुळीत.

"कार्बन म्हणजे काय?" किरणशेठ दुकानात येईल त्याला समजावत. "अरे बेटा, कापडच ते! काळ्या धाग्यांचं विणलेलं, राळेत मुरवून कडक केलेलं. आपण सुरतेची माणसं. आपण कापडाला घाबरायचं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. किरणशेठ विसरले, म्हणून फसले.

पहिले काही दिवस मजेत गेले. ललित कळसूबाईवर चढायचा आणि ओरडत खाली यायचा. धम्मरत्न कडेच्या खड्ड्यातून सायकल नेऊन बघायचा. हर्षदा फोटो काढायची आणि स्वतःची पाळी आली की दोघांपेक्षा सरळ उतरायची. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

एका मंगळवारी ते दोघं बर्फाचा गोळा आणायला गेले असताना ललितला सुचलं, की ढिगाऱ्याच्या टोकावरून उडी मारून बघावी. बघणारं कुणी नव्हतं, हे एका परीने बरं झालं. सायकल दगडावर आपटली, ललित कोपरावर. त्याने आधी सायकल उठवली, मग स्वतःला. फ्रेमवर ओरखडासुद्धा दिसेना. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, सीटवर बसला आणि पेडलवर जोर दिला.

टक.

पुन्हा जोर. पुन्हा टक. बारीकसा आवाज, चणा फुटावा तसा.

"कोपराला काय झालं रे?" हर्षदाने येताच विचारलं.

"डास चावला."

"डास होता की कुत्रा?"

ललित हसला. गोळा कालाखट्टाचा होता, त्याचा आवडता. त्याला तो अजिबात गोड लागला नाही.

अहवालाचा दिवस आला. किरणशेठने मोबाइल धरला आणि ललित बोलू लागला. बोलला छानच. "मोठी चाकं खड्डे गिळून टाकतात. वळताना मात्र बैलगाडीसारखी जागा मागतात. चढावर शॉक डोलतो आणि आपली ताकद खातो. उतारावर तोच शॉक हाडं वाचवतो. माझ्याएवढ्या मुलाला सायकल जरा लांब पडते."

"शुं वात छे!" किरणशेठ खूश झाले. "आणि फ्रेम?"

ललितच्या तोंडाशी तो टक आला होता. पण सांगितलं, तर पडल्याचं सांगावं लागणार. पडल्याचं सांगितलं, तर सायकल मोडल्याचं आपल्यावर येणार. त्याचे वडील, बापू, दिवसभर कापडाच्या लूमवर उभे असतात, त्यांनी कितीही डबल पाळ्या केल्या तरी ही सायकल फिटायची नाही.

"फ्रेम एकदम मजबूत," ललित म्हणाला.

किरणशेठने तिघांना कोल्ड कोको पाजला. ललितने आपला अर्धा धम्मरत्नला दिला. "पोट बिघडलंय," म्हणाला. ते तेवढं खरं होतं.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी आली, नीलमताईच्या पावलांनी.

नीलमताई धम्मरत्नची थोरली बहीण. कॉलेजात जायची आणि पहाटे कॅनॉल रोडवर सायकल पळवायची. येत्या रविवारी सापुताऱ्याच्या घाटात मातीच्या उतारावरची शर्यत होती. ताईच्या जुन्या सायकलचा पुढचा शॉक अडकून बसला होता. बारडोलीचा एक दुकानदार तिला शर्यतीपुरती आपली सायकल द्यायला तयार होता. तेवढ्यात किरणशेठने आपली कार्बनची पुढे केली. अट एवढीच की टी-शर्टवर दुकानाचं नाव हवं.

ताई सरळ ललितकडे आली. "तू चालवलीयस. त्या व्हिडिओतलं राहू दे, मला सांग. बसू ना हिच्यावर?"

धम्मरत्न शेजारीच उभा होता. ललितने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बस की, ताई."

ताईने तिथेच बारडोलीला फोन लावला. "दादा, तुमची सायकल दुसऱ्या कुणाला द्या. माझी सोय झाली."

त्या संध्याकाळी ताईने सरावासाठी कळसूबाईला चार फेऱ्या मारल्या. खाली उभ्या हर्षदाने मान तिरकी केली. "टक टक काय वाजतंय?"

"चेन कोरडी असेल," ललित घाईने म्हणाला.

ताई घरी गेल्यावर धम्मरत्नने तेल घातलं. टक राहिलाच.

"मग पेडल सैल असेल." पेडल आवळलं. टक आहेच.

"तुझी कारणं संपली का?" हर्षदा म्हणाली. ती मातीतच उकिडवी बसून सायकलच्या खालून बघत होती. "आणि हे बघा एक गंमत. किरणशेठला परवानगी दिली तर ते आपल्या कपाळावरसुद्धा दुकानाचं नाव चिकटवतील. मग एवढ्या सायकलीला एकच स्टिकर, आणि तेही पोटाखाली का? वाचणार कोण, मुंग्या?"

तिघांनी वाकून पाहिलं. फ्रेमच्या खालच्या दांड्याला, जमिनीकडे तोंड करून, 'किरण सायकल' असं लाल स्टिकर होतं. ललितला त्या क्षणी मुंगी व्हावंसं वाटलं.

घरी आई साड्यांना खडे लावत बसली होती. जॉर्जेटच्या साड्यांचा ढीग शेजारी. ललित मदतीला बसणार, तोच ती म्हणाली, "हात धोई ये पहिले. नख बी दखाड. आन मंग साडीले हात लाव."

हा त्यांच्या घरचा नियम होता. साडीला हात लावण्यापूर्वी बोटं जॉर्जेटच्या चिंधीवर फिरवून बघायची. नखाला केसाएवढी खोच असली तरी चिंधीचा धागा अडकतो. डोळ्याला न दिसणारं चिंधीला सापडतं. ललितचा धागा अडकला. कोपऱ्यात बसून नख घासता घासता त्याचा हात थांबला.

कार्बन म्हणजे काय? कापडच ते.

दुसऱ्या दिवशी तो चिंधी खिशात घालून दुकानात गेला. पुसायच्या निमित्ताने त्याने ती फ्रेमवरून फिरवली. वरून सरकली, बाजूने सरकली. आपटलेल्या बाजूनेही सरळ सरकली. त्याचा जीव भांड्यात पडत होता, तोच पोटाखाली स्टिकरच्या कडेशी धागा अडकला. सोडवला, पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच.

मग त्याने दोघांना कॅनॉलच्या काठावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. उडी, दगड, डास, फ्रेम एकदम मजबूत, सगळं.

धम्मरत्न कॅनॉलच्या पाण्यात दगड टाकत राहिला. त्याने एक ठेवून दिली असती, तर ललितला परवडलं असतं.

"माझ्या बहिणीला 'बस' म्हणालास," तो म्हणाला. तेवढंच.

हर्षदा मोबाइल चाळत होती. "रडायचं ते नंतर रड. हा बघ पहिल्या दिवशीचा फोटो. सायकल दुकानाबाहेर आडवी आहे, आणि स्टिकर आहे. तू पडलास ते नंतर. चिंधी अडकते ती स्टिकरच्या कडेला, म्हणजे तडा आत जातोय. आपटलास एका बाजूला, आणि तडा नेमका आधीपासूनच्या स्टिकरखाली पाडलास का?"

"नाही."

"मग तडा आधीचा. स्टिकर त्याच्यावर पांघरूण."

"आणि मंगळवारच्या आधी तो टक का नाही ऐकू आला?"

"तू इतका ओरडत उतरायचास की बँड वाजला असता तरी ऐकू आला नसता."

ललितला क्षणभर हलकं वाटलं. लगेच पुन्हा जड झालं. सायकल त्याने मोडली नव्हती, ठीक. पण मोडली असं वाटत असतानाच तो ताईला 'बस' म्हणाला होता.

"आत्ताच जाऊन सोलू या ते," धम्मरत्न उठला.

"सोललं की शेठ म्हणतील, पोरांनी मोडली," हर्षदा म्हणाली. "त्यांचं त्यांनाच बोलू दे. फक्त ललित, सुरुवात तुला करावी लागेल. सगळ्यांसमोर."

शनिवारी सकाळी दुकानासमोर ताईला निरोप द्यायला चार माणसं जमली होती. रेल्वेतली रात्रपाळी संपवून धम्मरत्नचे वडील, भगवंतकाका, तसेच डबा घेऊन आले होते. सायकल जीपच्या टपावर चढवायची तेवढी बाकी होती.

ललित पुढे झाला.

"माझ्या अहवालात एक गोष्ट मी खोटी सांगितली," तो म्हणाला. "मी या सायकलवरून पडलो होतो. तेव्हापासून ती वाजते, आणि मी घाबरून लपवलं. ताई, तुलाही खोटं बोललो. हिच्यावर बसू नकोस. कुठेतरी मोडलीय ती."

किरणशेठच्या चेहऱ्यावर आधी भीती आणि मग चक्क आनंद दिसला. दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येईल असं ओझं समोरून चालत आलं, की माणसाला असाच आनंद होतो.

"बघा भगवंतभाऊ!" त्यांनी सायकल एका झटक्यात उलटी केली आणि बोट थेट स्टिकरवर ठेवलं. "इथे तडा पाडलाय या पोराने! एवढी भारी सायकल!"

"कुठे, शेठ?" हर्षदाने भोळा चेहरा करून विचारलं. "मला नाही दिसत."

"हा काय, स्टिकरखाली!"

"ललितने तर जागा सांगितलीच नाही," हर्षदा म्हणाली. "आणि स्टिकर पहिल्या दिवसापासून आहे, फोटो आहे माझ्याकडे. त्याच्याखालचं तुम्हाला कसं हो दिसतं?"

किरणशेठचं बोट जिथे होतं तिथेच राहिलं. ते उचलावं की ठेवावं, हे त्यांना कळेना.

नीलमताईने ते बाजूला केलं आणि स्टिकर सोललं. खाली बोटभर लांब तडा होता. वरून काळं नेलपॉलिश लावून बुजवलेला.

किरणशेठ स्टुलावर बसले. "टेम्पोतून उतरवताना खोकं निसटलं," ते हळूच म्हणाले. "मी न उघडताच सही करून बसलो होतो, कंपनी परत कशी घेणार? वाटलं, वरवरचं आहे. पोरं हलकी. ती इतके दिवस बसली, काही झालं नाही, म्हटलं चालतंय."

"म्हणजे तुम्ही सायकल नाही तपासली," भगवंतकाका डबा खाली ठेवत म्हणाले. "पोरं बसवून पाहिलीत."

आता ललितला कळलं, की त्याने मांडला तो हिशेब अर्धाच होता. दुसऱ्या पानावर, किरणशेठच्या बाजूला, तो स्वतःच लिहिलेला होता.

किरणशेठने हात जोडले. भगवंतकाकांनी ते हात सोडवून त्यांत मोबाइल दिला आणि ललितला तिथल्या तिथे दुसरा अहवाल सांगायला लावला, टक आणि 'बस की ताई' सकट. नाव सुरतभर झालं ते या व्हिडिओने. काकांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. शेजारी म्हणाले, पोरं हुशार निघाली! आई मात्र घरी खडे लावता लावता एवढंच बोलली, "खरं बोलना तू, ते चांगलं करं. पन इतला उशीर काबर लावा?"

बारडोलीची सायकल तोवर दुसऱ्या कुणीतरी नेली होती.

ताई आपल्या जुन्या सायकलवर उतरली. अडकलेल्या शॉकने घाटातला एकेक दगड तिच्या हातात पोचवला. ती नववी आली. परतल्यावर ललित दारात उभा दिसला, तसं ती म्हणाली, "आत ये. पुढच्या वेळी सायकल तूच तपासायचीस. चिंधीने." आणि टाळीसाठी हात पुढे केला.

ललितने टाळी दिली नाही, तळहात पाहिला. फोड फुटून तो असा खरबरीत झाला होता, की जॉर्जेटची चिंधी जागोजाग अडकली असती.

तर शेवटचा हिशेब असा. किरणशेठची सायकल गेली आणि पत गेली. ललितचा भिंतीवरचा फोटो गेला. धम्मरत्न त्याच्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागेपर्यंत सुट्टी संपली. आणि नीलमताईने, जिने या सगळ्या व्यवहारात फक्त एक प्रश्न विचारला होता, सगळ्यांत जास्त भरलं.