दही हातावर पडल्यावर

मंजिरीला त्यात काय मिळणार होतं, ते आधी पाहू. मुख्याध्यापिकेची खुर्ची. खुर्चीमागची काचेची खोली, खोलीत एसी, आणि वार्षिक समारंभात संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांच्या शेजारचा सोफा. शिवाय ज्या मोठ्या जावेने बोट धरून तिला लखनौजवळच्या चिनहटच्या शाळेत चिकटवलं होतं, त्याच जावेची साहेबीण होण्याचं सुख! आणि बदल्यात द्यायचं काय, तर सहावीतल्या कच्च्या पोरांना एका दिवसाचा खोटा ताप. सौदा म्हणून पाहिलं तर वाईट नव्हता.

झालं होतं असं, की सगळ्या शाळांची एकाच दिवशी, एकाच छापाची चाचणी होती. निरीक्षक बाहेरचे, उत्तरं गोल काळे करून द्यायची, आणि निकालावरून शाळांचा क्रम लागणार. शाळेतली चाचणी मंजिरीकडे सोपवून सेक्रेटरीसाहेब तिला म्हणाले होते, "सहावी ज़िले में ऊपर आनी चाहिए, मैडम. फिर कुर्सी आपकी." सहावीची वर्गशिक्षिका म्हणजे प्रतिमा, मंजिरीची मोठी जाऊ. कच्च्या मुलांच्या घरी फोन करून 'उद्या ताप आहे' असं कळवायचं काम ओघानेच तिच्याकडे आलं.

"मुलांना काय येत नाही ते बघायला चाचणी," रात्री ताटावर बसल्या बसल्या प्रतिमा चिडून म्हणाली, "आणि ज्यांना येत नाही, त्यांनाच घरी ठेवायचं? मग घेता कशाला?"

तिचा नवरा श्रीपाद रेल्वेत इंजिनियर. त्याने शांतपणे आमटी ओरपली. "आम्ही खराब डबे यार्डात लपवून चांगल्या डब्यांची तपासणी केली असती ना, तर आत्ता जेलमध्ये असतो."

"भावजी, सगळ्याच शाळा करतात," मंजिरी म्हणाली. "आणि मी काही पक्षपात करत नाही हं! गणितात माझी देविकाही कच्ची आहे. उद्या तीही घरीच राहील."

पोटच्या पोरीला घरी कोंडायचं, आणि त्याचंही कौतुक व्हावं अशा चेहऱ्याने सांगायचं... अप्रामाणिकपणातसुद्धा काटेकोर न्याय करणारी ही बाई! प्रतिमाने ताट उचललं.

फोन तिने केलेच नाहीत. एकही नाही.

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात देविका उभी होती, तोंडात थर्मामीटर घेऊन. अंगात गणवेश मात्र घातलेला.

"मम्मी, बुखार नहीं है मुझे."

"आहे," मंजिरी आंबाडा घालता घालता म्हणाली. "जा, झोप जाऊन."

या घराचा एक रिवाज होता, साताऱ्याहून लखनौला सामानाबरोबर आलेला. परीक्षेला निघालेल्याच्या तळहातावर घरातल्या मोठ्या बाईने दहीसाखर ठेवायची, आणि एकदा ती ठेवली की उंबरा ओलांडायचाच, मागे फिरायचं नाही. मंजिरीचा नवरा निनाद अमौसीच्या विमानतळावरच्या मुलाखतीला अंगात खराखुरा ताप असताना गेला होता, कारण वहिनीने आधी दही दिलं आणि मग कपाळाला हात लावून पाहिला! नोकरी लागली. तेव्हापासून मंजिरीचा या रिवाजावर नवऱ्याहून जास्त विश्वास.

प्रतिमा ओट्याशी वाटीत साखर ढवळत होती. मागून एक लहानसा तळहात पुढे आला. तिने चमचा उचलला आणि ठेवलं दही. सवयीने ठेवलं, की मुद्दाम? विचारू नये. पुढे तिला स्वतःलाही ते सांगता आलं नाही.

देविकाने हात चाटला आणि डोळे मोठे केले. "मोठीआई... अब तो जाना पड़ेगा ना?"

मंजिरीच्या हातातला केसांचा आकडा खाली पडला. "वहिनी! हे काय केलंत तुम्ही?"

"पडलं गं हातावर..." प्रतिमा म्हणाली. "आता तूच सांग, परत पाठवू तिला उंबऱ्यावरून?"

मंजिरीने वाकून आकडा उचलला. देविका गेली. शाळेत पोचल्यावर मंजिरीने पाहिलं, तर सहावीचा वर्ग गच्च भरलेला, सगळे तापकरी ठणठणीत!

निकाल लागला. शाळा यादीत कुठेतरी मधे, जिकडे कुणी बघत नाही अशा जागी. सोबत अहवाल आला, त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की सहावीला अपूर्णांक येत नाहीत. प्रतिमाने तो दोनदा वाचला. इतकी वर्षं ती अपूर्णांक शिकवत होती! दरवर्षी हुशार पोरं हात वर करायची, तिला वाटायचं वर्गाला आलं... इतरांचा राग करता करता तिला स्वतःचाही राग आला. चाचणी खोटं बोलली नव्हती.

सेक्रेटरीसाहेबांनी बैठक बोलावली. "फ़ोन किसने नहीं किए?"

फोनचा हुकूम साहेबांच्याच सल्ल्याने आपण दिला होता, हे मंजिरी सांगू शकली असती. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. त्या झुकलेल्या मानेकडे पाहून प्रतिमाच्या अंतःकरणात संताप उसळला, आणि त्याच क्षणी तिला देविका आठवली, निनाद आठवला, घर आठवलं... दोघींपैकी एकीने बुडायचंच, तर दोघी कशाला?

"मी केले नाहीत, सर. माझीच चूक."

तिचा राजीनामा घेतला गेला. मंजिरीच्या कडक शिस्तीचं उदाहरण म्हणून तो दाखवला गेला, आणि तिला खुर्ची मिळाली!

मग घरात सुरू झाला अबोला. दोन जावा एकाच ओट्यावर, आणि निरोप देविकामार्फत. "मोठीआईला सांग, भाजी करपतेय." "मम्मीला सांग, मला नाक आहे." श्रीपाद म्हणायचा, "या घरात आता सिग्नलमन नेमावा लागेल." संध्याकाळी मात्र जेवणाच्या टेबलाभोवती देविका आणि तीच सहावीची कच्ची पोरं जमायची. प्रतिमा पोळीचे तुकडे करून विचारायची, "निम्मी तुला, निम्मी याला. सांग पाहू, किती झाली?" मंजिरी ते खोलीतून ऐकायची. दार लावायची नाही, बाहेरही यायची नाही.

वर्ष उलटलं. पुन्हा चाचणी आली, आता सातवीत गेलेल्या त्याच पोरांची, आणि पुन्हा साहेबांचा सल्ला आला. त्या सकाळी मंजिरी पर्स घेऊन निघाली, तोच देविकाने अगदी साधेपणाने विचारलं, "इस बार किसको बुखार है, मम्मी?"

टोमणा असता, तर मंजिरीने परतवला असता. पण पोरीला खरंच जाणून घ्यायचं होतं. कारण टेबलाभोवतीचे सगळे तिचे मित्र होते.

मंजिरी तिथेच थांबली. मग पर्स खुर्चीवर टाकून ओट्याशी आली आणि प्रतिमापुढे तिने हात पसरला.

"वहिनी, मलाही द्या."

वर्षभरात पहिल्यांदाच थेट! प्रतिमाने वळून पाहिलं. "तुझी कसली परीक्षा?"

"आज सगळी मुलं वर्गात बसणार आहेत. साहेबांना तोंडावर सांगायचंय... दही दिलं नाहीत, तर मी दारातूनच परत येईन, वहिनी. मला माहीत आहे माझं. त्या दिवशी मी गप्प बसले... तुम्ही बुडत होतात आणि मी पेपरवेट बघत होते!" तिला हुंदका आवरेना. ती प्रतिमाच्या पायांशी वाकली.

"ऊठ आधी. साडीची इस्त्री मोडेल, मग साहेब काय म्हणतील?" प्रतिमा म्हणाली. तिने चमचाभर दही तिच्या तळहातावर ठेवलं, वर चिमूटभर जास्त साखर. "जा. आता मागे फिरायचं नाही."

मंजिरी मागे फिरली नाही. होळीच्या आधी खुर्चीवर साहेबांच्या भावजय बसल्या.

तर हिशेब असा. साहेबांचं काही गेलं नाही. त्यांचं कधी जात नाही. प्रतिमाचा वर्ग गेला, मंजिरीची खुर्ची गेली. किंमत दोन जावांनी भरली, निम्मी एकीने, निम्मी दुसरीने. आणि निम्मी अधिक निम्मी म्हणजे पूर्ण एक, हे आता देविकाला येतं.